मात्सुशिरोची राकट परीक्षा आणि आजची टिकाऊ कताना

१/
१८५३. जपानमधील मात्सुशिरो संस्थान, म्हणजे आजच्या नागानो प्रांताचा एक भाग. तेथील सानादा घराण्याच्या अधिकाऱ्यांनी काही नव्या तलवारी मागवल्या आणि त्या निकामी होईपर्यंत वापरून पाहायच्या असे ठरवले. गवताच्या पेंढ्या आणि बांबू कापून झाल्यावर लोखंडी पत्रा, हरणाचे शिंग आणि शिरस्त्राण यांवर घाव घालण्यात आले. त्यानंतर पात्यावरच लोखंडी कांबीचे प्रहार करण्यात आले. जपानी भाषेत या प्रकाराला ‘अरा-तामेशी’ म्हणतात. मराठीत त्याला राकट परीक्षा म्हणता येईल.

२/
परीक्षेला बसलेल्यांत एक नाव फार मोठे होते. ताइकेइ नाओताने हा एदो नगरीतील नामांकित लोहार, त्याच्या तलवारींना देशभर मान होता. दुसरा यामाउरा मासाओ, त्याच मुलखातला आणि तुलनेने अप्रसिद्ध. (त्याचा धाकटा भाऊ कियोमारो पुढे त्याच्याहून अधिक गाजला.) नाओतानेची पाती लवकरच वाकली, मोडली. मासाओच्या तलवारीने त्याहून कितीतरी अधिक आघात सोसले.

३/
ही घटना आज आठवण्याचे कारण आहे. कतानाची आवड असणारा तरुण जेव्हा ‘कापण्याच्या सरावासाठी, थोडी हयगय सोसेल अशी मजबूत कताना कोणती?’ असे विचारतो, तेव्हा त्याला हमखास दोन उत्तरे मिळतात. परंपरेचा अभिमानी म्हणतो की असा प्रश्न विचारणे हाच कतानाचा अपमान आहे. विक्रेता म्हणतो की हजार घड्यांच्या पोलादाची घ्या, ती सर्व काही कापते. दोन्ही उत्तरे इतिहासाला धरून नाहीत. टिकाऊपणाचा प्रश्न खुद्द जपानी लोहारांनी आणि सामुराईंनी विचारलेला आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना त्यांनी नामवंतांच्या तलवारीही मोडून पाहिल्या आहेत.

४/
मुळात हा प्रश्न उद्भवला कसा? १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडला आणि जपानमध्ये दीर्घ शांततेचे युग सुरू झाले. तलवार कमरेला राहिली, पण रणांगण उरले नाही. मग पात्याचे मूल्य डोळ्यांनी ठरू लागले. धारेलगत दिसणारी ‘हामोन’ नावाची धुकट, लहरदार रेषा हे लोहाराच्या कौशल्याचे प्रदर्शन बनले. ओसाकाच्या काही लोहारांनी तर समुद्राच्या उसळत्या लाटांसारखे हामोन घडवले. पाहताना भान हरपावे असे ते काम आहे.

५/
परंतु हामोन ही केवळ नक्षी नव्हे. पात्यावर मातीचा लेप देऊन, ते तापवून पाण्यात बुडवले की पातळ लेपाखालची धार झपाट्याने थंड होऊन अतिशय कठीण होते. जाड लेपाखालची पाठ सावकाश थंड होते आणि मऊ राहते. या दोन भागांची सीमारेषा म्हणजे हामोन. ती जितकी रुंद आणि उंच, तितका पात्याचा अधिक भाग कठीण, आणि म्हणूनच ठिसूळ.

६/
हा धोका उघडपणे मांडणारा लोहार होता सुइशिन्शी मासाहिदे (१७५०–१८२५). त्याने स्वतः आरंभी लाटांच्या हामोनची पाती घडवली होती. पुढे त्याचे मत पालटले. भपकेबाज हामोनची तलवार मोडते, लोहारांनी जुन्या युद्धकालीन पद्धतींकडे परतावे, असा आग्रह त्याने धरला आणि त्यासाठी लेखनही केले. त्या काळच्या प्रतिष्ठित कारागिराने बाजारातील सर्वांत मागणी असलेल्या गुणालाच दोष म्हणणे, ही धाडसाची गोष्ट होती.

नाओताने हा याच मासाहिदेचा पट्टशिष्य! मात्सुशिरोत मोडली ती मजबुतीचा पुरस्कार करणाऱ्या गुरूच्या शिष्याची पाती. सिद्धांत पटणे आणि तो भट्टीत उतरणे यांत किती अंतर असते, ते येथे दिसते.

७/
येथे एक गल्लत टाळायला हवी. तीक्ष्णपणा आणि टिकाऊपणा हे दोन वेगळे गुण आहेत. एदो काळात यामादा आसाएमोन हे वंशपरंपरागत नाव धारण करणारे घराणे देहदंड झालेल्यांच्या प्रेतांवर तलवारींची परीक्षा घेत असे. निकाल कधी कधी मुठीत दडणाऱ्या पात्याच्या भागावर कोरला जाई. अशा अनुभवांच्या आधारे १७९७ मध्ये ‘काइहो केनजाकु’ नावाचा ग्रंथ निघाला आणि त्यात लोहारांची प्रतवारी लावली गेली. त्या प्रतवारीचा आधार होता पाते किती चांगले कापते हा. वाकडा घाव पडल्यावर त्याचे काय होते, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेरचा होता. आजच्या जाहिरातीतही हीच गफलत चालते. चिरत जाणारा रेशमी रुमाल दाखवतात, चुकलेला घाव दाखवत नाहीत.

८/
युद्धकाळात तर टिकाऊ आणि स्वस्त तलवारींचे कारखानेच होते म्हणावे लागेल. बिझेन प्रांतातील ओसाफुने आणि मिनो प्रांतातील सेकी येथून ‘काझुउची’, म्हणजे ठोक भावाने घडवलेली पाती हजारोंच्या संख्येने बाहेर पडत. मिंग राजवटीतील चीनलाही जपानी तलवारींची मोठी निर्यात झाली. संग्रहालयातील काचेमागे दिसते ती निवडक, जपलेली तलवार. सामान्य सैनिकाच्या हातातली तलवार बहुधा वापरून झिजली, मोडली, भंगारात गेली.

९/
हिगो प्रांतातील, म्हणजे आजच्या कुमामोतोतील, दोतानुकी घराण्याची पाती याच पंथातली. जाड, वजनदार, आणि कलारसिकांनी फारशी न वाखाणलेली. १८८६ मध्ये सम्राट मेइजी यांच्यासमोर शिरस्त्राणावर घाव घालण्याचे प्रात्यक्षिक झाले. इतर तलवारबाजांना यश आले नाही. साकाकिबारा केनकिची यांनी दोतानुकीच्या तलवारीने पोलादी शिरस्त्राणात खोल चीर पाडली. शिरस्त्राणाची दोन शकले झाली नाहीत, हेही सांगितले पाहिजे. चित्रपटांनी या बाबतीत पुष्कळ नुकसान केले आहे.

१०/
आता पोलादाकडे. पारंपरिक जपानी पोलाद म्हणजे ‘तामाहागाने’. लोहयुक्त वाळू आणि कोळसा ‘तातारा’ नावाच्या मातीच्या भट्टीत अहोरात्र जाळून ते मिळवतात. शिमाने प्रांतातील ओकुइझुमो येथे १९७७ पासून अशी भट्टी पुन्हा पेटवली जाते आणि परवानाधारक लोहारांना तेथून पोलाद पुरवले जाते. भट्टीतून निघणारा गोळा एकजिनसी नसतो. कोठे कर्ब जास्त, कोठे कमी, मध्येच मळी. म्हणून लोहार तो ठोकून, घडी घालून, पुन्हा ठोकतो. घड्यांमुळे मळी बाहेर पडते आणि कर्ब सर्वत्र सारखा पसरतो.

साधारण दहा ते पंधरा घड्या पुरतात. प्रत्येक घडीला थर दुप्पट होत असल्याने पंधराव्या घडीला ३२,७६८ थर होतात. ‘हजार घड्यांची तलवार’ ही थर आणि घड्या यांतला फरक न कळलेल्या माणसाची निर्मिती असावी.

११/
याचा अर्थ नीट समजून घ्यावा. घडी घालणे हा अशुद्ध कच्च्या मालावरचा अत्यंत बुद्धिमान उपाय होता. आजच्या कारखान्यातून येणारे पोलाद आधीच शुद्ध आणि एकजिनसी असते. त्यावर घड्या घालून पात्याची ताकद वाढत नाही. एखादा थर नीट जुळला नाही तर उलट कमजोर जागा तयार होते. सरावासाठी तलवार घेणाऱ्याने घडीच्या पोलादाला जास्त पैसे मोजणे म्हणजे नक्षीला पैसे मोजणे होय. नक्षी आवडत असेल तर जरूर मोजावेत, पण ती मजबुती समजून नव्हे.

१२/
‘पण आधुनिक पोलादाची ती खरी कताना कशी?’ हा आक्षेप नेहमीचा. तोकुगावा शोगुनांच्या पदरचा लोहार एचिझेन यासुत्सुगु आपल्या तलवारींवर ‘नानबान लोखंड वापरून घडवली’ असे अभिमानाने कोरत असे. नानबान म्हणजे दक्षिणेकडच्या समुद्रमार्गाने आलेले, परकी. परक्या पोलादाने तलवार बाटते असे शोगुनांना वाटले नाही.

महाराष्ट्राच्या वाचकाला तर हे नवीन वाटू नये. युरोपातून आलेल्या पात्याला इथली मूठ चढवून केलेल्या तलवारीलाच आपण ‘फिरंग’ म्हणतो, आणि ती मराठ्यांची तलवार म्हणूनच ओळखली जाते.

१३/
मग प्रत्यक्ष निवड कशी करावी? आधी तलवार बिघडते कशी ते पाहू. सराव करणारा नवखा असतो. त्याची धार घावाच्या दिशेशी समांतर राहत नाही, पाते किंचित तिरपे लागते. अशा वेळी मातीचा लेप देऊन घडवलेल्या पात्याची मऊ पाठ वाकते आणि वाकलेलीच राहते. कठीण धारेला बांबूचे पेर तिरपे लागले तर कपचा उडतो. याउलट सर्वत्र सारखे पाणी दिलेले आणि नंतर योग्य तापमानाला नरमवलेले स्प्रिंगच्या पोलादाचे पाते लवते आणि पुन्हा सरळ होते. त्याची धार थोडी लवकर बोथट होते, हा त्याचा तोटा. पण बोथट धार पुन्हा लावता येते. उडालेला मोठा कपचा भरून निघत नाही, त्यासाठी पातेच घासून कमी करावे लागते.

१४/
बाजारात दिसणाऱ्या आकड्यांचा अर्थ फारसा गूढ नाही. १०६० आणि १०९५ ही साधी कर्बयुक्त पोलादे, अनुक्रमे सुमारे ०.६० आणि ०.९५ टक्के कर्बाची. टी-१० हे साधारण एक टक्का कर्बाचे हत्यारी पोलाद, कठीण धार आणि ठळक हामोन यांसाठी वापरले जाणारे. ५१६० मध्ये थोडे क्रोमियम असते. ९२६० मध्ये सुमारे दोन टक्के सिलिकॉन असते, आणि तेच त्याच्या लवचिकतेचे एक कारण आहे. एल-६ हे निकेलयुक्त पोलाद नीट हाताळले तर विलक्षण चिवट, पण चुकीच्या हातात वाया जाणारे.

५१६० हे नाव परके वाटले तरी वस्तू परकी नाही. वाहनांच्या कमानपाट्यांसाठी याच जातकुळीचे पोलाद वापरतात, आणि ट्रकच्या जुन्या पाट्यापासून कोयते घडवणारा लोहार महाराष्ट्रातल्या अनेक बाजारगावांत आजही भेटतो. त्याला पोलादाचा क्रमांक ठाऊक नसेल, पण ते लवते, तुटत नाही, हे पुरते ठाऊक असते.

१५/
म्हणून स्पष्ट मत असे: सरावाची पहिली तलवार स्प्रिंगच्या पोलादाची, सर्वत्र सारखी कठीण केलेली असावी. धारेचा काठिण्यांक रॉकवेल मापावर पन्नाशीच्या पहिल्या अर्ध्यात असला तरी चालतो. मातीचा लेप देऊन घडवलेल्या पात्यांची धार साठच्या आसपास जाते. ती सुंदर असतात आणि सरावलेल्या हातात उत्तम कापतात, पण ती दुसरी किंवा तिसरी तलवार असावी. आणि सारखे पाणी दिलेल्या पात्यावर आम्लाने किंवा घासून काढलेला खोटा हामोन असेल, तर तो विक्रेत्याच्या सचोटीचा नमुना समजावा.

क्रमांकाहून महत्त्वाचे आहे ते पाणी देण्याचे काम. उत्तम ९२६० बिघडवता येते, आणि साध्या १०६० चे फार चांगले पाते होऊ शकते.

१६/
स्टेनलेस पोलादाची शोभेची कताना घेऊन काही कापायला जाऊ नये. सुरीच्या लांबीला जे पोलाद शोभते ते सत्तर सेंटिमीटरच्या पात्यात आघात सोसेलच असे नाही, आणि भिंतीवरच्या या तलवारींचे पाते मुठीच्या आत बहुधा एका बारीक सळईला जोडलेले असते. पहिल्या जोरदार घावाला पाते सुटून उडते. समोर उभ्या असलेल्या मित्राच्या दृष्टीने मग पोलादाचा क्रमांक निरर्थक ठरतो.

१७/
येथून मुठीचा विषय सुरू होतो, आणि तो पोलादापेक्षा गंभीर आहे. नारुसे कानजी हे दुसऱ्या चीन-जपान युद्धात तलवारींच्या दुरुस्तीसाठी आघाडीवर गेले होते. शेकडो तलवारी त्यांच्या हाताखालून गेल्या आणि १९४० मध्ये त्यांनी त्या अनुभवांवर पुस्तक लिहिले. त्यांच्या निरीक्षणातला मोठा धडा असा की तलवारीचा सर्वांत दुबळा भाग मूठ होती. पाते शाबूत, पण मूठ खिळखिळी, तडकलेली, सैल.

(त्या तलवारी चीनमध्ये कोणाकोणावर चालल्या, हे विसरून हा तांत्रिक तपशील वाचू नये. निःशस्त्र कैद्यांच्या हत्येत त्यांचा वापर झाला, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे.)

१८/
त्याच काळात दक्षिण मांचुरिया रेल्वे कंपनीने दालियान येथील कारखान्यात आधुनिक पोलादाच्या तलवारी घडवल्या. कठीण पोलादाच्या नळीत मऊ गाभा बसवून पाते ठोकले जाई. मांचुरियाच्या गोठवणाऱ्या थंडीत पाती ठिसूळ होऊ नयेत, हा एक हेतू होता. नौदलासाठी न गंजणाऱ्या पोलादाचीही पाती निघाली. म्हणजे ‘आधुनिक टिकाऊ कताना’ ही कल्पनासुद्धा मुळात जपानीच. परदेशी हौशी मंडळींनी तिचा शोध लावलेला नाही.

१९/
कतानाची मूठ लाकडाच्या दोन फाळ्यांची असते. परंपरेने ते लाकूड होनोकी नावाच्या मॅग्नोलियाचे. त्यावर खरबरीत समुद्री पाकटाचे कातडे, त्यावर घट्ट फीत. पात्याचे शेपूट या मुठीत शिरते आणि त्याला धरून ठेवते ती ‘मेकुगी’, बांबूची एक छोटी मेख. एवढीच. सारी तलवार तिच्या भरवशावर!

सरावाआधी दरवेळी मेख तपासावी. ती चिरलेली वा सैल असेल तर त्या दिवशी तलवार म्यानाबाहेर काढू नये. विकत घेताना मूठ उतरवून शेपूट पाहावे: ते रुंद, लांब आणि पात्याशी एकसंध असावे, मध्ये कोठेही जोडकाम नसावे. लाकडात पोकळी नसावी. पाकटाचे कातडे मुठीला पूर्ण वेढणारे असेल तर फाळ्यांना अधिक बळ मिळते. दोन मेखा असलेली मूठ सरावाला बरी. विक्रेता मूठ उतरवू देत नसेल किंवा ती सरसाने चिकटवलेली असेल, तर तेथून निघावे.

२०/
पात्याच्या आकाराबद्दल थोडक्यात. रुंद आणि पातळ पाती भिजवलेल्या चटईच्या गुंडाळीतून लोण्यासारखी जातात, पण बांबूवर लवकर खचतात. धारेमागे थोडे मांस, म्हणजे फुगीरपणा, असलेले पाते संमिश्र सरावाला योग्य. पाठीलगतची लांब खाच पाते हलके करते आणि फिरवताना सुरेख आवाज देते, मात्र वाकडा घाव पडला की असे पाते लवकर वाकते. नवख्याने बिनखाचेचे पाते घ्यावे.

‘इआइतो’ नावाची जस्त-ॲल्युमिनियम मिश्रधातूची बोथट तलवार फक्त हालचालींच्या सरावासाठी असते. ती दिसायला हुबेहूब असते. तिने काहीही कापू नये, कशावरही आपटू नये.

२१/
राहिला ‘राकट वापर’. या शब्दाचा अर्थ बांबू आणि चटईवर शेकडो घाव, त्यांत नवख्याचे पन्नास चुकलेले, असा असेल तर वर सांगितलेली तलवार तो सोसेल. वाळलेली झाडे तोडणे, नारळ फोडणे, रानातले झुडूप साफ करणे असा असेल, तर त्यासाठी कोयता आणि कुऱ्हाड आहेत आणि ती कामे तलवारीहून चांगली करतात. कताना मुळात दोन हातांनी धरण्याची, साधारण एक ते सव्वा किलोची, चिरत जाणारी तलवार आहे. तिच्याकडून कुऱ्हाडीचे काम मागणे हे तिच्या टिकाऊपणाचे माप होऊ शकत नाही. मात्सुशिरोच्या अधिकाऱ्यांनी लोखंडावर घाव घातले ते परीक्षेसाठी, आणि परीक्षेनंतर ती तलवार पुन्हा कमरेला लावायची नव्हती.

२२/
या सगळ्यातली एक विसंगती क्वचितच सांगितली जाते. ९२६० किंवा ५१६० ची अशी सरावाची कताना खुद्द जपानमध्ये बाळगता येत नाही. तेथील १९५८ च्या शस्त्रनियंत्रण कायद्यानुसार पारंपरिक पद्धतीने घडवलेली तलवार कलावस्तू म्हणून नोंदवली जाते, आणि अशी नोंद नसलेले धारदार पाते बेकायदा ठरते. परवानाधारक लोहारावरही महिन्याला दोन लांब तलवारींची मर्यादा आहे. त्यामुळे जपानी साधक पारंपरिक पात्यानेच कापतो, आणि आधुनिक सरावाच्या कतानांची मोठी पेठ आहे चीनच्या झेजियांग प्रांतातील लाँगच्युआन नगरी, जिथली तलवारीची परंपरा स्वतःच फार जुनी आहे.

२३/
भारतातील वाचकांसाठी आवश्यक टीप: तलवार शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील २०१६ च्या नियमांच्या कक्षेत येते. नऊ इंचांहून लांब पात्याच्या शस्त्राला अधिसूचित क्षेत्रात परवाना लागतो. मागणी नोंदवण्याआधी स्थानिक पोलीस ठाण्यात चौकशी करावी. ‘शोभेची आहे’ हे विक्रेत्याचे आश्वासन तेथे उपयोगी पडत नाही. आणि शिक्षकाविना, एकट्याने, घराच्या गच्चीवर कापण्याचा सराव सुरू करू नये. भिजवलेली गुंडाळी सहज कापली जाते, आणि घावाचा उरलेला जोर थांबवता आला नाही तर तो स्वतःच्या गुडघ्यावर येतो.

२४/
सराव संपल्यावर पाते लगेच पुसावे. भिजलेल्या चटईचे पाणी आणि बांबूचा रस या कर्बयुक्त पोलादांना काही तासांत डाग पाडतो. पुसल्यावर तेलाचा पातळ हात फिरवावा. महिन्याकाठी मूठ उतरवून आतले लाकूड पाहावे, कारण तेथे ओल साचते. धार गेली तर यंत्राच्या चाकावर देऊ नये. त्या उष्णतेने पाण्याचा गुण उतरतो आणि धार मऊ पडते. दगडावर, पाणी घालत, सावकाश धार लावणारा शिकलगार मिळाला तर त्याच्याकडेच जावे.